राखेतली पळी

पोलिसांविषयी चांगलं लिहायची मला सवय नाही. मी पत्रकं लिहून लिहायला शिकलो. पत्रकात पोलीस येतात ते 'दडपशाही' या शब्दाच्या आगेमागे, आणि वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतं. पण एका फौजदाराचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी आजवर कुठे छापलेले नाहीत. आमच्या संघटनेतल्या मित्रांना हे वाचून राग येईल. येऊ दे.

नव्वद सालानंतरचा एक हिवाळा. मी बावीस वर्षांचा होतो. जळगावचं कॉलेज अर्धवट सोडून आमच्या तालुक्याच्या गावी जिनिंगमधल्या बायकांची संघटना बांधत होतो. बांधत होतो म्हणजे सायकलवरून हिंडत होतो आणि सायंकाळी बायका घरी जाताना त्यांच्या बरोबरीने चालत बोलत होतो. कापसातून सरकी वेगळी करून रुई काढायची, तो कारखाना म्हणजे जिन. कापसाला पांढरं सोनं म्हणणारे लोक जिनमध्ये आठ तास बसलेले नसतात. नाकात, डोळ्यांत, भाकरीच्या घासात रुईचे तंतू. बायका दिवसभर कापसातला काडीकचरा निवडायच्या. प्यायच्या पाण्याची टाकी होती, पण तिला कुलूप, आणि किल्ली मुनीमच्या कमरेला. लघवीला जायला आडोसा नव्हता. रस्त्यापलीकडच्या बाभळीत तिघीतिघींनी जायचं, एकीने राखण करायची. आमच्या मागण्या दोनच होत्या: टाकीचं कुलूप काढा आणि चार पत्रे लावून आडोसा करून द्या. जिनचे मालक, आमचे शेठ, म्हणाले, "आज आडोसा मागतात, उद्या पंखा मागतील."

मग मी पत्रक काढलं. धरणगावच्या एका ओळखीच्या, पायाने चालवायच्या ट्रेडल प्रेसवर गुलाबी कागदावर छापून आणलं. त्यातलं मला सर्वांत आवडलेलं वाक्य असं होतं: 'चाळीस माता-भगिनींच्या तळतळाटावर उभी असलेली ही गंजी एक दिवस पेटल्याशिवाय राहणार नाही!' गंजी म्हणजे जिनच्या आवारात उघड्यावर रचलेला कापसाचा ढीग. चांगला दुमजली घराएवढा असतो. पत्रक बुधवारच्या बाजारात वाटलं.

शुक्रवारी दुपारी गंजी पेटली.

खोटं कशाला सांगू, धूर पाहिला तेव्हा पहिल्या क्षणी मला आनंद झाला. लिहिलेलं खरं होण्याचा तो माझ्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग. दुसऱ्या क्षणी कळलं की हा धूर आपल्याकडेच येणार. चार वाजता मला पकडलं. मोठे साहेब, म्हणजे ठाण्याचे इन्स्पेक्टर, टेबलावर गुलाबी पत्रक ठेवून बसले होते.

"हे तू लिहिलं?"

"हो. ती एक प्रतिमा आहे, साहेब."

"प्रतिमा कुठे राहते?"

मागे उभे असलेले शिपाई हसले. मला वाटतं साहेबांनाही विनोद कळला होता, पण तपास तिथेच संपला. जिनच्या मुनीमने जबाब दिला की रस्त्याकडच्या भिंतीवरून मी पेटती चिंधी फेकताना त्याने पाहिलं. जाळपोळीचा गुन्हा. दुसऱ्या दिवशी कोर्टाने तीन दिवसांची पोलीस कोठडी दिली. वकिलांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "साक्षीदार आहे आणि तुमच्याच सहीचा कागद आहे. पाच-सात वर्षांची तयारी ठेवा." संघटनेचे मित्र कोर्टाबाहेर घोषणा देत होते. मी मूठ वर केली खरी. तोपर्यंत तुरुंग हा शब्द मी फक्त लिहिला होता.

त्या वेळी ठाण्याच्या लॉकअपची कडी मोडलेली होती. तिच्या दुरुस्तीचा कागद जिल्ह्याला गेला होता आणि तिकडेच राहिला होता. म्हणून मला मुद्देमालाच्या खोलीत ठेवलं. गुन्ह्यात जप्त केलेल्या वस्तू ठेवायची ती खोली. कुऱ्हाडी, हातभट्टीचे डबे, बिनचाकाच्या सायकली, आणि कोपऱ्यात बांधलेली एक जिवंत शेळी. तिच्यावर दोन मालकांचा दावा होता आणि निकाल लागायचा होता. या सगळ्यांच्या मधोमध एक टेबल, आणि टेबलामागे तो फौजदार. मला त्या टेबलाच्या पायाला बेडीने अडकवून शिपाई निघून गेला. जाताना म्हणाला, "साक्षीदार साहेब, तुमच्या मुद्देमालात एक नग वाढला."

फौजदाराने वर पाहिलं. पन्नाशीचा, वाळका माणूस. गणवेश धुतलेला होता, पण इस्त्री नव्हती. गावातला परीट त्यांचे कपडे 'आज नाही, उद्या' करत ठेवायचा, कारण बाकीच्या साहेबांना ते आवडलं नसतं, असं मला नंतर कळलं.

"चहा घेतला का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

तुम्ही! शुक्रवारपासून त्या ठाण्यात मला कुणी 'अरे'च्या वर नेलं नव्हतं. मी ताठरपणे सांगितलं, "मी पोलिसांचा चहा पीत नाही."

"मग बरं. पोलीसही माझ्याबरोबर पीत नाहीत." आणि एकच कप मागवला.

त्यांना साक्षीदार का म्हणतात ते मला ठाण्यासमोरच्या चहावाल्याने सांगितलं. पूर्वी ते धुळ्याकडे होते. तिथल्या एका दरोड्याच्या खटल्यात आरोपींच्या वकिलाने सहज विचारलं, हा पंचनामा जागेवर केला का. प्रत्येक पोलीस 'हो' म्हणतो. न्यायाधीशही तेवढ्यात पान उलटतात. हे म्हणाले, "नाही. ठाण्यात पंख्याखाली बसून लिहिला. मीच लिहिला, चूक माझी." खटला कोसळला. दरोडेखोर सुटले, आणि सुटल्याच्या आनंदात त्यांनी यांना पेढे पाठवले. यांनी दोन माणसांसमोर पेढे मोजून जमा करून घेतले आणि पुढच्या आठवड्यात 'मुद्देमाल मुंग्यांनी नष्ट केला' असा रीतसर अहवाल वर पाठवला. तेव्हापासून खात्यात यांच्याशेजारी कुणी बसत नव्हतं. बेवारस प्रेतं, सडलेले मुद्देमाल, विहिरीत पडलेली जनावरं, एवढंच काम यांच्याकडे यायचं.

मी चिडलो होतो. अशा माणसावर खरं तर पत्रक काढायला हवं, असंही मनात आलं. पण मी टेबलाला बांधलेला होतो.

त्याच दिवशी दुपारी शेळीने एका कुऱ्हाडीला बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी खाल्ली. दोन कुऱ्हाडी शेजारी होत्या; एक खुनातली, एक बांधाच्या भांडणातली. शेळीने खुनातलीची चिठ्ठी खाल्ली की दुसरीची ते मीही पाहिलं नव्हतं. फौजदारांनी कागद ओढला आणि कोर्टाला कळवायला घेतलं. मोठे साहेब धावत आले.

"हे लिहायला कोणी सांगितलं? नवीन चिठ्ठी बांधून टाका की!"

"कोणत्या कुऱ्हाडीला, साहेब?"

"कोणत्याही!"

"मग शेळीचं नाव तपास अधिकारी म्हणून लिहावं लागेल."

मोठे साहेब पाय आपटत गेले. दहा मिनिटांनी शिपाई निरोप घेऊन आला: जिनच्या आगीचा घटनास्थळाचा पंचनामा अजून व्हायचा आहे, तो साक्षीदार साहेबांनी करावा, आरोपीलाही जागा दाखवायला न्यावं. ही शिक्षाच होती. राख तुडवायची, आणि तीही ठरलेल्या गुन्ह्याची. आरोपी हाती, साक्षीदार हाती, पंचनामा म्हणजे निव्वळ भर घालायची होती. जीप द्यायला नकार, शिपाईही नाही. फौजदारांनी माझी बेडी टेबलावरून सोडली आणि दुसरं कडं आपल्या डाव्या मनगटात अडकवलं.

"उजवा हात मला लिहायला लागतो," ते म्हणाले.

असे आम्ही दोघं भर बाजारातून चालत निघालो. मला गाव ओळखत होतं. भाजीवाले, सायकलवाले, कापडाच्या दुकानातले, सगळे मला राम राम करत होते. "काय भाऊ, कुठे निघाले?" "जरा जिनकडे." फौजदाराला एकानेही हात जोडला नाही. एका म्हातारबाबांनी तर आमच्या जोडीकडे पाहून मला विचारलं, "याले कसाले धरं भाऊ?" ह्याला कशासाठी पकडलं? फौजदारच उत्तरले, "खरं बोलना म्हणून, आबा." खरं बोलला म्हणून! म्हाताऱ्याने हळहळून मान हलवली. मी हसलो, आणि लगेच स्वतःवर रागावलो. पोलिसाच्या विनोदाला हसणं आमच्या शिस्तीत बसत नव्हतं.

पंचनाम्याला दोन पंच लागतात, म्हणजे तटस्थ साक्षी. आमच्या ठाण्याचे पंच ठरलेले होते: समोरचा चहावाला आणि त्याचा शेजारी, पंक्चर काढणारा. कोणत्याही गुन्ह्याचा कागद आला की दोघं हात पुसून सही करायचे. फौजदारांनी दोघांनाही दुकान बंद करायला लावून बरोबर घेतलं. चहावाला वाटभर कुरकुरत होता. "साहेब, इतकी वर्षं पंच आहे, पण जागेवर कुणी नेलं नाही. कागद इथंच आणा ना. स्टोव्ह चालू आहे माझा."

"आज बघून या एकदा," फौजदार म्हणाले, "कशावर सही करता ते."

जिनच्या आवारात काळी, भिजलेली राख गुडघ्याएवढी पसरली होती. बंब जळगावहून आला होता, तोपर्यंत जळायचं ते जळून गेलं होतं. आणि ती कुलपातली टाकी? आग लागली तेव्हा मुनीम किल्ली शोधत होता. बायकांनी दगडाने कुलूप फोडलं, तेव्हा पाणी मिळालं. हे मी तिथे ऐकलं आणि माझ्या डोक्यात नवीन पत्रकाची पहिली ओळ तयार झाली. पण फौजदार आधी राखेकडे गेलेच नाहीत. ते रस्त्याकडच्या भिंतीजवळ जाऊन उभे राहिले. मीही उभा राहिलो, इलाज नव्हता.

"मुनीम म्हणतो, तुम्ही इथून चिंधी फेकली. फेकून दाखवा."

"साहेब, मी फेकलीच नाही."

"तेच बघायचंय."

त्यांनी पंक्चरवाल्याकडून चिंधी घेतली, दगडाला गुंडाळली, बेडी सोडली आणि मला भिंतीवर चढवलं. मी जीव खाऊन फेकली. गंजीच्या निम्म्या वाटेवर पडली. पुन्हा फेकली, तेवढीच. तिसऱ्यांदा खांदा दुखायला लागला.

चहावाला म्हणाला, "साहेब, या भाऊमध्ये काही दम नाही."

"असं लिहिता येत नाही," फौजदार म्हणाले आणि पॅडवर मोठ्याने उच्चारत लिहिलं, "चिंधी तीनही वेळा निम्म्या अंतरावर पडली."

मला अपमान वाटला आणि सुटकेचा पहिला श्वासही तिथेच आला. मग त्यांनी बेडी पुन्हा अडकवली आणि पंचांना दाखवलं की रस्त्याकडच्या अंगाला गंजीच्या तळाशी अजून पांढरा कापूस शिल्लक आहे आणि ऑफिसच्या अंगाला जमीनसुद्धा भाजून लाल झाली आहे. आग तिकडून आली होती. त्या बाजूला त्यांनी काठीने राख उकरायला सुरुवात केली. चिखलासारखी राख. पाच मिनिटांनी काठीला काहीतरी लागलं आणि त्यांनी रुमालाने उचललं.

लोखंडी पळी. स्वयंपाकघरातली, लांब दांड्याची, दांडा वाकलेला.

"जिनमध्ये पळी कशाला?" त्यांनी मुनीमला विचारलं.

मुनीमने घाम पुसला. "बायका आणत असतील, भाकरी खायला."

"भाकरी पळीने?"

बाजूला बायका काम सोडून उभ्या होत्या. फौजदारांनी त्यांना आधी मोजलं, बोटाने, एकेक. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही चाळीस लिहिल्या. एकतीस आहेत."

"साहेब, तो आकडा भावनेचा..."

"भावना चाळीस असतील. बायका एकतीस."

मला तिथे जमिनीत जावंसं वाटलं. बायका मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. फौजदार तिच्यासमोर उकिडवे बसले. "अक्का, ही पळी कोणाची?"

"सेठनी मायनी," अक्का म्हणाली. शेठच्या आईची, आणि हे इतक्या सहज की मुनीमने डोळे मिटले.

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्हीन इचारंच नही ना भाऊ!"

आणि तिने सगळं सांगितलं. माझं पत्रक मुनीमने शेठच्या आईला वाचून दाखवलं होतं. तळतळाट हा शब्द ऐकून म्हातारीने धसकाच घेतला. शुक्रवारी दुपारी ती पळीत निखारे, मिरच्या, मीठ, मोहरी घेऊन स्वतः आली आणि तिने गंजीची दृष्ट काढली. माणसाची दृष्ट काढायची तर ओवाळून होतं. दुमजली गंजी कशी ओवाळणार? म्हणून ती गंजीभोवती फेऱ्या मारत होती. "दोन फेऱ्या व्हयन्यात, कोणलेच ठसका लागना नही," अक्का म्हणाली. "मंग ती म्हणे, नजर लई भारी शे, अजून मिरच्या लई या." मिरच्या जळून ठसका लागला नाही तर नजर जबर, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. मुनीमने मूठभर मिरच्या आणून टाकल्या, म्हातारीने फुंकर मारली. "मंग बठ्ठासले असा ठसका लागना, असा लागना! डोया पुसता पुसता दखं, ते गंजी पेटेल!"

सगळ्यांनी डोळे पुसून पाहिलं तो गंजी पेटलेली. बायका पुन्हा हसू लागल्या. चहावाला हसला. पंक्चरवाला हसता हसता खाली बसला. मी एकटा हसत नव्हतो. माझं वाक्य खरंच पेटलं होतं, फक्त कामगारांच्या हातून नाही. माझ्या आयुष्यात एखाद्या माणसाने माझं पत्रक इतकं मनापासून खरं मानलं असेल तर त्या म्हातारीने.

फौजदार शेठच्या घरी गेले. ते आवाराला लागूनच होतं. म्हातारी ओट्यावर बसली होती, उजव्या हाताला हळद लावून चिंधी गुंडाळलेली. शेठ मध्ये आले, "आईची तब्येत बरी नाही." म्हातारीने त्यांना बाजूला सारलं. माझ्याकडे बोट रोखून म्हणाली, "याच तो कागदवाला? तुन्हा कागदमा इतल्या बायासना तळतळाट लिखेल व्हता. मी नजर नही काढू ते काय करू?" मग फौजदाराकडे वळून, एकदम बारीक आवाजात, "माले धरी लई जाशात का भाऊ?"

"नाही, आजी. आग चुकून लागली. चुकून लागली असंच लिहिणार. पण लिहिणार."

शेठ त्यांना अंगणात घेऊन गेले. बेडीमुळे मीही गेलो. "आईचं नाव कागदावर येता कामा नये. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. या पोराचं काय, त्याला जेलची हौसच आहे."

मला बोलायचं होतं. जन्मभराची भाषणं घशाशी आली होती. फौजदारांनी बेडी हळूच ओढली, म्हणजे गप्प राहा. "शेठ," ते म्हणाले, "हौस असणाऱ्याला आत घालायचं कलम नाही."

परत राखेजवळ येऊन त्यांनी दीड तास पंचनामा लिहिला. मी शेजारी उभा राहून प्रत्येक ओळ वाचत होतो. त्यात 'भीषण' नव्हतं, 'आक्रोश' नव्हता. 'एक लोखंडी पळी, दांडा वाकलेला, वाटीला जळलेल्या मिरचीची साल चिकटलेली.' 'पाण्याच्या टाकीचे कुलूप फुटलेले, शेजारी दगड.' बस. मी टाकीवर तीन पत्रकं लिहिली होती. एका कुलपाने आणि एका दगडाने ती तीनही फिकी पडली. मला हेवा वाटला.

मग सह्यांची वेळ आली. पंक्चरवाल्याने सवयीने करून टाकली. चहावाल्याने पेन हातात घेतलं आणि थांबला. मुनीम त्याच्याकडे पाहत होता, मागे शेठ उभे होते. त्याची टपरी ठाण्याच्या दारात होती. मोठे साहेब उद्या ती उचलू शकत होते. माझी पाच-सात वर्षं त्या पेनच्या टोकाला लटकली होती आणि पेन एका अशा माणसाच्या हातात होतं ज्याने जन्मात एकही कागद वाचून सही केली नव्हती.

"साहेब," तो म्हणाला, "वाचून दाखवा एकदा."

फौजदारांनी पूर्ण वाचून दाखवलं. चिंधी, पांढरा कापूस, लाल माती, पळी, मिरच्या, अक्काचं सांगणं. चहावाला प्रत्येक वाक्याला "बरोबर" म्हणत गेला. शेवटी कपाळावर हात मारला. "च्यायला, न बघता किती सोपं होतं!" आणि सही केली. इंग्रजीत करायचा तो नेहमी, ठाण्यात रुबाब म्हणून. त्या दिवशी मराठीत, एकेक अक्षर कोरून केली.

मोठ्या साहेबांनी तो पंचनामा वाचून टेबलावर आपटला, ते मी मुद्देमालाच्या खोलीतून ऐकलं. "हे बदला!" "बदलता येत नाही साहेब, पंचांनी पाहिलंय." "पंच आपलेच आहेत!" "होते." बराच वेळ आरडाओरडा चालला. पण दोन पंच, एकतीस बायका आणि खुद्द शेठची आई, एवढ्यांची तोंडं कोण बंद करणार? मुनीमने जबाब बदलला. म्हणाला, धुरात नीट दिसलं नाही. कोठडी संपली त्या दिवशी कोर्टात पोलिसांनीच कळवलं की माझ्याविरुद्ध पुरावा नाही. मला सोडलं.

आता मला जे लिहायला जड जातंय ते लिहितो. सुटकेच्या कागदावर सही करायला मला ठाण्यात आणलं, तेव्हा फाटकाबाहेर आमचे मित्र जमले होते. हार होते, फलक होते. 'खोट्या केसेस करणाऱ्या पोलिसांचा धिक्कार असो!' फाटकापर्यंत सोडायला आला तो फौजदार. बाकी कुणी बाहेर आलंच नाही. मोठे साहेब खिडकी लावून बसले होते. मित्रांना समोर खाकी गणवेश दिसला आणि त्यांनी त्याच्यावरच घोषणा सुरू केल्या. मला खांद्यावर उचललं. मी वर होतो, तो खाली उभा होता, आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. मी एक शब्द बोललो असतो तर घोषणा थांबल्या असत्या.

मी मूठ वर केली आणि धिक्कार असो म्हणालो.

तो हसला नाही की रागावला नाही. एका कार्यकर्त्याची चप्पल गर्दीत निघाली होती, ती पायाने त्याच्याकडे सरकवून दिली आणि आत गेला. त्या रात्री माझा सत्कार झाला. मी भाषणही केलं. लोकांना ते आवडलं.

पंधरा दिवसांनी शेठने आडोसा बांधला. आमच्या आंदोलनाने नव्हे. आईने अन्न सोडलं म्हणून. मी आमच्या अहवालात 'लढ्याला यश' असंच लिहिलं होतं. ते इथे दुरुस्त करतो.

दोन महिन्यांनी मी ठाण्यात गेलो तर तो फौजदार नव्हता. बदली झाली होती, शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका चौकीवर. मी एसटीने गेलो. दोन गाड्या बदलाव्या लागल्या. शेवटचे तीन मैल चालत. चौकी म्हणजे एक खोली आणि एक निंब. ते बाहेर दगडावर बसून ओल्या सदऱ्याला गुंडी लावत होते, सुई-दोरा घेऊन. मला पाहिलं आणि म्हणाले, "काय, पुन्हा कुठे आग लागली का?"

मी वाटेत सगळं ठरवून आलो होतो. माफी मागायची, फाटकापाशी काय झालं ते सांगायचं, मग आभार. प्रत्यक्षात मला नीट बोलता येईना; पत्रकाचा माणूस, समोर एकच श्रोता असला की अडखळतो. एवढंच बाहेर पडलं: "साहेब, तुम्ही माझं आयुष्य वाचवलं."

त्यांनी दोरा दातांनी तोडला. सदरा उन्हात धरून गुंडी नीट बसली का पाहिलं.

"मी वाचवलं नाही," ते म्हणाले. "आग तुम्ही लावली असती ना, तर तेही असंच लिहिलं असतं. पळी जिथे सापडली तिथे सापडली."

मला त्या क्षणी धक्का बसला. मी दिवसभराचा प्रवास करून आलो होतो तो हे ऐकायला की ते माझ्या बाजूचे आहेत. ते नव्हते. ते कुणाच्याच बाजूचे नव्हते, म्हणून तर त्यांच्याशेजारी कुणी बसत नव्हतं. आणि तसा एक माणूस त्या ठाण्यात होता, एवढ्या एकाच गोष्टीवर मी आज बाहेर आहे, हेही तिथे निंबाखाली उभा असतानाच कळलं.

"आता आलाच आहात तर जेवून जा," ते म्हणाले. "भाकरी आहे. ठेचा आहे. गाडीला अजून दोन तास आहेत."

मी बसलो. ठेचा इतका तिखट होता की पहिल्याच घासाला मला ठसका लागला. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मी खोकत, डोळे पुसत, पोटभर जेवलो.